क्यू हाती आला, यू नाही

'ही अक्षरे आहेत, यांतून शब्द शोधा' हा इंग्रजी शब्दखेळांतला प्रश्न ऐकायला एकच वाटतो. नीट पाहिले तर ते तीन निराळे प्रश्न आहेत. स्क्रॅबलमध्ये सात टाइल्स हातात असतात आणि पटावरच्या अक्षरांची मदत घेऊन त्यांच्यातूनच शब्द जुळवायचा असतो. शब्दकोड्यात घरांची संख्या ठरलेली असते. आडव्या-उभ्या शब्दांमुळे काही घरे भरलेली असतात आणि उरलेली भरायची असतात. वर्डलमध्ये कोणते अक्षर शब्दात आहे, कोणते नाही आणि कोणते आहे पण चुकीच्या घरात पडले, एवढेच कळत जाते. पहिल्या खेळात अक्षरांबाहेर जाता येत नाही, दुसऱ्यात जागा सोडता येत नाही, तिसऱ्यात एकेक शक्यता गळत जाते. तिन्ही ठिकाणी लागणारे ज्ञान मात्र एकाच जातीचे असते: इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते, शब्दात कुठे बसते आणि कोणाच्या शेजारी बसते.

हे ज्ञान मोजून खेळात उतरवले ते अल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने. महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, त्याची नोकरी गेली. शब्दकोडी तेव्हा अमेरिकेत भलतीच लोकप्रिय होती. त्यांची गंमत आणि नशिबाचा थोडा भाग एकत्र आणणारा खेळ करावा असे त्याच्या मनात आले. त्यासाठी त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वृत्तपत्रांची पाने समोर ठेवून त्यांतली अक्षरे मोजली. त्याचा पहिला खेळ, 'लेक्सिको', पटाशिवायचा होता. १९३८ च्या सुमारास पट आला आणि नाव झाले 'क्रिस-क्रॉस वर्ड्स'. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने तो खेळ हाती घेऊन त्याला 'स्क्रॅबल' हे नाव दिले.

बट्सच्या त्या मोजणीची छाप आजही शंभर टाइल्सवर आहे. 'ई' बारा, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी नऊ, 'ओ' आठ, तर 'एन', 'आर' आणि 'टी' प्रत्येकी सहा. 'जे', 'के', 'क्यू', 'एक्स' आणि 'झेड' मात्र एकेकच. दोन टाइल्स कोऱ्या असतात आणि त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. जे अक्षर दुर्मीळ, त्याचे गुण जास्त: 'ई'ला एक गुण, 'जे' आणि 'एक्स'ला आठ, 'क्यू' आणि 'झेड'ला दहा. 'एस' हे अक्षर इंग्रजीत भरपूर येते, तरी बट्सने त्याच्या चारच टाइल्स ठेवल्या. प्रत्येक नामाला 'एस' जोडून अनेकवचन करत सुटले तर खेळात कौशल्य उरणार नाही, हे त्याने ओळखले होते.

मोजणी कशाची केली यावर उत्तर बदलते, हे इथे समजून घ्यायला हवे. इंग्रजी लिखाणातल्या शंभर अक्षरांत 'ई' साधारण बारा-तेरा वेळा येते, 'टी' नऊ वेळा आणि 'एच' सुमारे सहा वेळा. 'टी' आणि 'एच' यांचा एवढा भरणा होतो तो 'द', 'दॅट', 'धिस', 'देअर' असले चिल्लर शब्द ओळीओळीला येतात म्हणून. शब्दकोशात 'द' एकदाच असतो. त्यामुळे शब्दांची यादी मोजली की 'एच' बराच खाली घसरतो. शब्दखेळात शब्द शोधायचा असतो तो यादीतला, म्हणून खेळाडूने विसंबायचे ते यादीवरच्या मोजणीवर. गुप्तलिपी उलगडणाऱ्याला मात्र लिखाणाची मोजणी लागते. ती वाट नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने दाखवली होती.

नवख्या खेळाडूला सर्वांत जास्त छळते ते 'क्यू'. इंग्रजीत 'क्यू' आला की पाठोपाठ 'यू' येतोच, हे शाळेपासून ठसलेले असते. या जोडीला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' आणि 'क्विक' हे शब्द 'सी' आणि 'डब्ल्यू' या जोडीने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे 'क्यू-यू' आणले आणि ते कायमचे रुजले. म्हणजे 'यू'ची सक्ती अस्सल इंग्रजी आणि फ्रेंच-लॅटिन शब्दांपुरती. जे शब्द दुसऱ्या वाटेने आले, त्यांना ती लागू नाही.

आणि ते शब्द बहुतेक अरबी-फारसीच्या वाटेने आले. अरबीत घशातून उच्चारला जाणारा एक 'क' आहे आणि रोमन लिपीत तो दाखवायला 'क्यू' वापरतात. मराठी वाचकाला यातले कितीतरी शब्द घरचेच वाटतील. फकीर हा शब्द इंग्रजी याद्यांत 'एफ-ए-क्यू-आय-आर' असा आहे. जगभरच्या स्क्रॅबल स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत तलाक आहे आणि त्याचा शेवटच 'क्यू'ने होतो. त्याच यादीत कव्वालीही आहे, 'क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय' अशी. संचात 'डब्ल्यू' दोनच असतात आणि या एका शब्दाला दोन्ही लागतात. पण साती टाइल्स एका खेळीत खपल्या की पन्नास गुणांचे बक्षीस मिळते, म्हणून कव्वालीचे मूळचे बावीस गुण बहात्तरवर जातात. काझीसाठी 'कादी' आहे, मक्केची दिशा सांगणारा 'किब्ला' आहे, येमेनमध्ये चघळतात ती 'कात' ही पाने आहेत. 'कनात' म्हणजे इराणी पद्धतीचा भूमिगत पाण्याचा बोगदा. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर याच कुळातली.

या सर्वांपेक्षा जास्त वेळा कामाला येतो तो दोनच अक्षरांचा 'क्यू-आय', उच्चार 'ची'. चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीचे हे नाव आहे. उत्तर अमेरिकेच्या स्पर्धांत तो २००६ पासून चालू लागला आणि त्यानंतर 'क्यू' हाती येण्याची धास्ती पुष्कळ कमी झाली.

'जे'ची गोष्टही अशीच आहे. अस्सल इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'जे' येत नाही. 'ज'चा उच्चार शेवटी आला की तो 'जी-ई' किंवा 'डी-जी-ई' असा लिहितात, उदाहरणार्थ 'एज' किंवा 'ब्रिज'. त्यामुळे 'जे'ने संपणारा शब्द हवा असेल तर पूर्वेकडेच पाहावे लागते. राज, ताज, हज हे सगळे मान्य शब्द आहेत. स्वराज हाही मान्य आहे. सहा अक्षरांचा हा शब्द पटावर साधा मांडला तरी सोळा गुण देतो. शेवटी 'आय' किंवा 'यू' असणे हेही इंग्रजीच्या स्वभावात बसत नाही. म्हणून तिथे रोटी, साडी, राणी, गुरू, बाबू असे शब्द उपयोगी पडतात. इंग्रजीतला 'मुंगूस' तर थेट मराठीतून गेला आहे, आणि 'पेशवा' हा शब्द जुन्या ब्रिटिश वर्तनीत, 'पी'नंतर 'ई-आय' घेऊन, कॉलिन्सच्या यादीत बसला आहे. भारतीय खेळाडूला इथे एक सहज लाभ आहे, पण त्यासाठी आपल्या शब्दाची इंग्रजांनी केलेली वर्तनी नेमकी माहीत हवी. उच्चार ठाऊक असून भागत नाही.

सर्वांत अवघड अक्षर कोणते असे विचारले तर बरेच जण 'क्यू' किंवा 'झेड' म्हणतील. खरे तर चारच गुणांचा 'व्ही' त्यांच्यापेक्षा जास्त अडवतो. इंग्रजीच्या मान्य याद्यांत दोन अक्षरांचे शंभरावर शब्द आहेत, पण त्यांतल्या एकातही 'व्ही' नाही. कारण वर्तनीच्या इतिहासात आहे. जुन्या हस्तलिखितांत 'यू' आणि 'व्ही' हे एकच अक्षर होते. शब्दाच्या शेवटी ते व्यंजन म्हणून वाचावे यासाठी पुढे मुका 'ई' जोडायची रीत पडली. 'हॅव', 'गिव्ह' आणि 'लव्ह' यांच्या शेवटी दिसणारा 'ई' तोच. त्यामुळे 'व्ही' आणि एक स्वर एवढ्यावर शब्द पुरा होत नाही. 'एक्स' याच्या अगदी उलट. आठ गुणांचा असूनही तो 'ए', 'ई' आणि 'ओ' यांच्यानंतर सहज बसतो, आणि 'आय' किंवा 'यू'च्या आधीही चालतो. 'एक्स-आय' हे ग्रीक अक्षराचे नाव, तर 'एक्स-यू' हे व्हिएतनामी नाणे.

स्वर कमी पडले किंवा नको इतके झाले तरी इंग्रजीत सुटका असते. स्वर नसतील तर 'वाय' त्यांचे काम करतो: 'रिदम', 'मिथ', 'लिंक्स', 'ट्रिस्ट' या शब्दांच्या वर्तनीत 'ए-ई-आय-ओ-यू' यांपैकी एकही अक्षर नाही. 'वाय'ही नसेल तर वेल्श भाषेतून आलेला 'सी-डब्ल्यू-एम' आहे. डोंगरातल्या वाटीसारख्या दरीला तो शब्द वापरतात आणि त्यातला 'डब्ल्यू' 'ऊ'सारखा उच्चारतात. उलट हातात स्वरच स्वर असतील तर 'ऑडिओ', 'अद्यू', 'क्यू' (म्हणजे रांग) असे शब्द मदतीला येतात. कॉलिन्सच्या यादीत तर सहाच्या सहा स्वरांचा 'ई-यू-ओ-यू-ए-ई' असा एक शब्द आहे. चर्चमधल्या जुन्या लॅटिन गायनात एका ओळीच्या शेवटच्या शब्दांतले फक्त स्वर लिहून ठेवत, त्यांपासून तो बनला.

आता जुळवणीकडे. सात वेगवेगळी अक्षरे पाच हजार चाळीस प्रकारांनी मांडता येतात. इतके प्रकार डोक्यात फिरवून पाहणे कोणालाच शक्य नाही, आणि चांगला खेळाडू तसे करतही नाही. तो आधी शब्दाची शेपटी वेगळी काढतो. समजा हातात 'सी', 'जी', 'आय', 'के', 'एन', 'ओ', 'आर' आहेत. 'आय-एन-जी' बाजूला ठेवले की चारच अक्षरे उरतात आणि त्यांच्या मांडण्या फक्त चोवीस. 'सी' आणि 'के' एकत्र आले की ते शेजारी बसण्याचा संभव मोठा, हे माहीत असेल तर 'रॉक' लगेच दिसतो आणि 'रॉकिंग' तयार होतो. जोडी फोडून पाहिली तर 'कॉर्क'ही सापडतो आणि 'कॉर्किंग' मिळतो. 'ई-डी', 'ई-आर', 'ई-एस-टी', 'आय-ई-आर' या शेपट्या आणि 'आर-ई', 'यू-एन', 'ओ-यू-टी' ही डोकी अशीच वेगळी काढायची असतात. टाइल्स हाताने इकडेतिकडे सरकवत राहिल्याचाही फायदा होतो. डोळ्यांसमोर एकच क्रम राहिला की मन त्याच क्रमात अडकून पडते.

स्पर्धेत उतरणारे खेळाडू याच्या पुढे जातात. ते अक्षरांचा संच वर्णानुक्रमे लावून पाठ करतात. 'ए-ई-आय-एन-आर-एस-टी' हा असाच एक प्रसिद्ध संच. यातून 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टिअर', 'स्टेनर' आणि आणखी काही सात अक्षरी शब्द निघतात. संच डोळ्यांनी ओळखला की शब्द शोधावा लागत नाही, तो आठवतो. म्हणूनच सराईत खेळाडू पटावर फक्त मोठे गुण मिळवण्यामागे नसतो. हातात मागे काय उरते, तिकडेही त्याचे लक्ष असते. 'ए', 'ई', 'आय', 'एन', 'आर', 'एस', 'टी' यांपैकी पाच-सहा अक्षरे जपून ठेवली तर पुढच्या खेळीत साती टाइल्स लागण्याची शक्यता वाढते.

वर्डलचे गणित निराळे. जॉश वॉर्डल या वेल्श अभियंत्याने न्यूयॉर्कमध्ये राहत असताना हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यांतले सामान्य माणसाला माहीत असणारे सुमारे अडीच हजार तिने निवडून दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जणांनी खेळला, दोन महिन्यांनी हा आकडा तीन लाखांवर होता. जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला.

प्रत्येक प्रयत्नानंतर पाच घरे तीनपैकी एका रंगाची होतात, म्हणजे एका प्रयत्नाला फार तर २४३ प्रकारची उत्तरे संभवतात. चांगला पहिला शब्द तो, ज्याच्यामुळे उरलेले शब्द जास्तीत जास्त लहान गटांत विभागले जातात. माहिती मोजण्याची ही पद्धत क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्ये मांडली आणि १९५१ मध्ये इंग्रजी भाषेलाच लावून पाहिली. 'स्लेट', 'क्रेन' असे शब्द सुरुवातीला चांगले ठरतात ते याच कारणाने. त्यांत नेहमीची अक्षरे आहेत आणि ती आपापल्या नेहमीच्या जागी आहेत. 'एस' सुरुवातीला आणि 'ई' शेवटी येणे ही पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची सवयच आहे. 'अद्यू' हा चार स्वरांचा शब्द अनेकांना आवडतो, पण शब्दाची ओळख पटते ती व्यंजनांवरून. स्वर कळूनही पुष्कळ शब्द शिल्लक राहतात.

वर्डलमधला सर्वांत फसवा सापळा म्हणजे शेवटची चार घरे हिरवी होऊन 'आय-जी-एच-टी' मिळणे. पुढे 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट', 'फाइट' आणि 'एट' असे आठ शब्द उभे राहतात. एकेक घालून पाहिला तर सहा प्रयत्न कधीच संपतात. इथे हिरवी अक्षरे काही काळ सोडून देण्यातच शहाणपण आहे. 'फर्न्स' हा शब्द टाकला की 'एफ', 'ई', 'आर', 'एन', 'एस' ही पाचही अक्षरे एका फटक्यात तपासून होतात. एखादे उजळले तर उत्तर मिळाले, एकही उजळले नाही तर फक्त 'एल', 'एम' आणि 'टी' उरतात. नेमका शब्द सापडण्यापेक्षा नेमका प्रश्न सुचणे इथे जास्त मोलाचे ठरते. मात्र खेळाच्या कठीण प्रकारात हिरवी अक्षरे सोडायला परवानगी नसते.

संगणकाला हे काम दिले तर तो दोन सोप्या युक्त्या वापरतो. पहिली म्हणजे यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून त्याच किल्लीखाली शब्द ठेवायचा. हातातली अक्षरे तशीच लावली की जुळणारे सगळे शब्द एका जागी मिळतात. पाठांतर करणारा खेळाडू नकळत हेच करत असतो. दुसरी युक्ती झाडाची. समान सुरुवात असलेले शब्द एका फांदीवर ठेवायचे आणि समान शेवट असलेले पुन्हा एकत्र आणायचे. मग चुकीच्या फांदीवर पाऊल टाकताच पुढचे हजारो शब्द एकदम सोडून देता येतात. अँड्र्यू अपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये अशाच रचनेवर अतिशय वेगवान स्क्रॅबल प्रोग्रॅम बांधला. अशा साधनाला प्रश्न विचारताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. 'फक्त याच अक्षरांतून होणारे शब्द' आणि 'ही अक्षरे ज्यांत आहेत असे शब्द' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली स्क्रॅबलची, दुसरी शब्दकोड्याची आणि वर्डलची. चुकीची मागणी केली तर यादी लांबलचक येते आणि कामाची नसते.

मराठीत असली साधने सहजी तशीच बनत नाहीत, कारण मराठी कोड्याच्या घरात अक्षर मात्रेसकट बसते. 'स्वातंत्र्य' या शब्दाला तीनच घरे लागतात: स्वा, तं, त्र्य. तीस-पस्तीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी घरात बसू शकणाऱ्या अक्षरांची संख्या चारशेच्या आसपास जाते, जोडाक्षरे वेगळीच. म्हणून मराठी कोड्यात एक अक्षर कळले तरी शब्द पुष्कळसा हाती येतो. सव्वीस अक्षरांच्या इंग्रजीत एका अक्षराने एवढे कळत नाही. तिथे संख्येचे आणि जागेचे ज्ञान जास्त लागते.

भाषा येणे आणि शब्दांची यादी येणे या निराळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने दिला. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद पाच वेळा मिळवलेल्या या खेळाडूने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिश स्पर्धाही तशीच जिंकली.

सुमारे २ लाख ८० हजार शब्दांची कॉलिन्स यादी पाठ करायची गरज सामान्य खेळाडूला नाही. घरी खेळायला बसण्याआधी कोणती यादी मानायची हे सर्वांनी ठरवून घ्यावे, कारण अमेरिकेत न चालणारे हजारो शब्द कॉलिन्समध्ये आहेत. खेळ चालू असताना शब्द शोधून देणारे साधन उघडू नये. डाव संपल्यावर उघडावे आणि आपल्याच हातातून निसटलेले शब्द वहीत उतरवून घ्यावेत. पाठांतराची सुरुवात दोन अक्षरी शब्दांपासून करावी. ते शंभरावर आहेत, रोज पाच घेतले तर महिन्याभरात होतात, आणि त्यांत पहिला घ्यावा तो 'क्यू-आय'.